मोजलं तेवढंच लिहायचं

पेन परत आले ते आठव्या दिवशी.

प्रदर्शनात एका गृहस्थांनी ते मोठ्या हौसेने घेतले होते. मुलाला पहिली नोकरी लागली म्हणून भेट द्यायचे होते. शिसवाचे, हाताने घडवलेले, टोपणाला बारीक पितळी कडे असलेले. तेच पेन आता टेबलावर ठेवत ते म्हणाले, "अप्पा, एवढे पैसे मोजले आणि आठवडाभरसुद्धा चाललं नाही हो!"

अप्पांनी टोपण काढले, निब भिंगाखाली धरली आणि त्यांच्या लगेच लक्षात आले. पेनात ड्रॉइंगची काळी शाई भरलेली होती. पाण्याने न पुसल्या जाणाऱ्या त्या शाईत लाखेचा अंश असतो. ती वाळली की निबेखालच्या जिभेतल्या केसाएवढ्या नाळी बुजून जातात.

"ही शाई या पेनात चालत नाही," अप्पा म्हणाले.

"मग हे आधी सांगायला नको होतं का?"

गृहस्थांचा आवाज चढला नव्हता. प्रश्न साधा होता, आणि अप्पांपाशी त्याचे उत्तर नव्हते. त्यांनी पेन ठेवून घेतले, दोन दिवस भिजत घालून, सुटे करून साफ केले आणि स्वतः नेऊन दिले. पण तो प्रश्न मात्र घरीच राहिला.

अप्पा म्हणजे चिंचवडच्या एका कारखान्यातले निवृत्त टर्नर. चौतीस वर्षे लेथवर उभे राहिलेला माणूस निवृत्तीनंतर बसून राहणे शक्यच नव्हते. फंडाच्या पैशांतून त्यांनी एक छोटा लेथ घेतला आणि मागच्या बाल्कनीत मांडला. पहिले पेन नातवासाठी केले, दुसरे शेजाऱ्यांसाठी. मग कोणी कोणी विचारू लागले. लाकूड असायचे, तसेच एबोनाइटही. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून, तापवून कठीण केलेला पदार्थ. १८५१ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले आणि पुढे कित्येक दशके जगातली पेने त्याचीच होत. ते लेथवर चढले की गंधकाचा वास घरभर पसरतो. "अहो, पेन करताय की फटाके?" असे आजी दर वेळी विचारायच्या आणि खिडक्या उघडायच्या.

पेनासोबत काही लिहून द्यावे, असे अप्पांना कधी वाटले नव्हते. "माल चांगला असला की तोच बोलतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. पण त्या दिवशी रात्री जेवताना सून म्हणाली, "अप्पा, औषधाच्या बाटलीसोबत कागद असतो. साडीला कशी धुवायची त्याची चिठ्ठी असते. मग तुमच्या पेनालाच काही का नको?"

सूनबाई माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. लिहिण्याचे काम साहजिकच त्यांच्याकडे आले.

पहिले कार्ड एकतीस ओळींचे झाले. त्यात १८८४ सालच्या वॉटरमनच्या पेटंटपासून सुरुवात होती, लाकडाचे गुणधर्म होते, निबेचा इतिहास होता आणि शेवटी "आपल्या सुंदर हस्ताक्षरास शुभेच्छा" असेही होते. सूनबाईंनी ते ओळखीच्या सहा-सात जणांना वाचायला दिले. सगळ्यांनी छान म्हटले, पण चौथ्या ओळीनंतर काय होते ते कोणालाच सांगता आले नाही. आजींनी तर त्याची घडी घालून पोथीत खूण म्हणून ठेवली.

सूनबाई हिरमुसल्या, पण शिक्षिकाच त्या. फळ्यावर किती लिहिले यापेक्षा वहीत किती उतरले ते महत्त्वाचे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी अप्पांची दुरुस्तीची वही मागून घेतली. कारखान्यातली सवय म्हणून अप्पा परत आलेल्या प्रत्येक पेनाची तारीख आणि बिघाड लिहून ठेवत. वही वाचल्यावर दिसले की बिघाड पुष्कळ, पण कारणे फक्त चार. मग कार्डाच्या मागच्या बाजूला तेवढेच राहिले.

पहिले, शाई फाउंटन पेनचीच भरावी. ड्रॉइंगची किंवा वॉटरप्रूफ शाई नको. दुसरे, महिन्यातून एकदा निब साध्या पाण्याने धुवावी. गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नये. तिसरे, एबोनाइटचे पेन उन्हात ठेवू नये. त्याचा काळा रंग तपकिरी पडतो. आणि चौथे, ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पाव भाग उरली की पुन्हा भरून घ्यावी.

ही चौथी सूचना अप्पांना फार महत्त्वाची वाटे. अशा पेनाची अख्खी नळीच शाईची टाकी असते. शाई कमी झाली की वरच्या रिकाम्या जागेत हवा साठते. लिहिताना हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेल्या शाईला निबेतून बाहेर ढकलते. कागदावर टपोरा डाग पडतो आणि माणूस म्हणतो, पेन गळके आहे. पेन गळके नसते, नुसते तहानलेले असते. सूनबाईंनी हे शेवटचे वाक्य कार्डावर घ्यायचे म्हटले, तर अप्पांनी हात जोडले. "अगं, कारण लिही. कविता नको."

पुढच्या बाजूला पेनाची ओळख. लाकूड कोणते, निब कोणती, शाई भरण्याची पद्धत, पेनाचा क्रमांक, महिना आणि वर्ष. लाकडाचे नाव मराठीत, आणि खाली शास्त्रीय नाव. हे शास्त्रीय नाव आधी नव्हते. शिसवाची दोन पेने लंडनच्या एका नातेवाइकाला पाठवायची वेळ आली तेव्हा चौकशी करताना कळले, की शिसवाचा सगळा डाल्बर्जिया वंश २०१७ च्या जानेवारीपासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि परदेशी माल पाठवताना लाकूड नेमके कोणते ते सांगावे लागते. लहान वस्तूंना पुढे सवलत मिळाली. पण तेव्हापासून कार्डावर सागवानाखाली टेक्टोना ग्रँडिस आणि शिसवाखाली डाल्बर्जिया लॅटिफोलिया ही नावे येऊ लागली.

कागदाचाही एक किस्सा झाला. हाताने केलेल्या पेनाला हातकागदच शोभेल, म्हणून सूनबाई शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून सुरेख खरबरीत कागद घेऊन आल्या. १९४० मध्ये सुरू झालेली ही संस्था पुण्याला नवी नाही. पण त्यांनी निवडलेला कागद चित्रासाठी चांगला होता, निबेसाठी नव्हे. त्यावर खळ कमी होती. शाई फुटली, अक्षरांना मिशा फुटल्या आणि कागदाचा एक तंतू निबेच्या फटीत जाऊन बसला. शेवटी साधे, गुळगुळीत आयव्हरी कार्डच ठरले. चार सूचना छापील आणि पुढची ओळख हाताने लिहायची.

हाताने, आणि तेही त्याच पेनाने लिहायची. ही कल्पना अप्पांची. कारखान्यात प्रत्येक तयार भागाला तपासणीची चिठ्ठी अडकवलेली असे. तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर जात नसे. इथे कार्ड लिहिणे हीच तपासणी. सहा-सात ओळी लिहिताना रेघ कुठे तुटली, निब कुठे अडखळली, तर पेन पुन्हा लेथकडे. कार्ड नीट उतरले की पेन धुवून, पुसून डबीत. त्यामुळे घेणाऱ्याच्या हाती कार्ड पडते, तेव्हा त्यावरचे अक्षर म्हणजे त्याच्या पेनाचे पहिले अक्षर असते.

हे सगळे सुरळीत चालले असताना वाड्याच्या तुळईचे प्रकरण घडले.

अप्पांनी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून सागवानी तुळईचा एक तुकडा आणला होता. मधासारखा रंग, घट्ट रेषा आणि एका बाजूला खिळ्याच्या गंजाचा काळा डाग. व्यापारी म्हणाला होता, "वाड्याचं आहे." बस, एवढेच. त्याची पेने फार देखणी झाली. ती एका दुकानदाराने पाहिली आणि पंचवीस पेनांची मागणी घातली. कुठल्याशा कंपनीच्या पाहुण्यांना द्यायची होती. अट एकच. कार्डावर लिहायचे, "पेशवेकालीन वाड्याचे दोनशे वर्षांपूर्वीचे सागवान."

"अप्पा, यात खोटं काय आहे?" मुलगा म्हणाला. "वाड्याचं तर आहेच ना!"

"वाड्याचं आहे असं तो म्हणाला. कुठला वाडा, कोणी बांधला, कधी बांधला, हे ना त्याला ठाऊक ना मला. पेशव्यांनंतरही पुण्यात वाडे झालेच की."

"पण नाही असंही कोणी म्हणू शकणार नाही."

"अरे, पट्टीवर दिसत नाही ते माप ड्रॉइंगवर लिहीत नसतात. मोजलं तेवढंच लिहायचं."

घरात दोन दिवस अबोला होता. पंचवीस पेने म्हणजे अप्पांचे तीन महिन्यांचे काम, आणि त्या पैशांत बाल्कनीला पक्के छप्पर होणार होते. सूनबाई मधल्या मधे अडकल्या. नवऱ्याचे म्हणणे व्यवहाराचे होते, आणि लेखणी त्यांच्या हातात होती. त्यांनी एक मसुदा केला : "जुन्या घराच्या तुळईचे सागवान. घर कोणते आणि किती जुने, ते माहीत नाही. टोपणावरचा काळा डाग जुन्या खिळ्याचा आहे." दुकानदाराने तो वाचला, हसून परत केला आणि मागणी रद्द झाली. त्या पावसाळ्यात लेथवर प्लॅस्टिकच टाकावे लागले.

सूनबाईंना तेव्हा राजमहेंद्रीची गोष्ट आठवली. त्यांनी ती पूर्वी वाचलेली होती. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळण्याआधी ज्या गावावरून जाते, तिथे रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी पेने घडवायला सुरुवात केली. त्यांतले एक पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले. १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून गांधीजींनी पोच पाठवली. पत्र अगदी छोटे आहे. पेन कोणामार्फत मिळाले, ते आपण वापरून पाहिले, आणि बाजारातल्या परदेशी पेनांऐवजी ते चालण्याजोगे दिसते, एवढेच त्यात आहे. कुठेही वारेमाप कौतुक नाही. तरी त्या पेनाची ओळख सांगताना आजही त्या पत्राचाच उल्लेख होतो. सूनबाईंनी हे घरात सांगितले, तेव्हा नवरा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने प्लॅस्टिक काढून त्या जागी जाड ताडपत्री बांधून दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी बडोद्याहून एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. तो जात्याचा खुंटा होता.

"आमच्या आईचा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी ती गेली. जातं गावाकडे अंगणात पालथं पडलंय. खुंटा तेवढा मी काढून आणला. तिला लिहिता येत नव्हतं, अप्पा. सगळ्या कागदांवर डाव्या हाताचा अंगठा. तिच्या खुंट्याचं पेन व्हावं असं मनात आहे."

खुंटा बाभळीचा होता, वीतभर लांब, चांगला जाड. खालचा भाग दगडाच्या भोकात बसणारा, म्हणून ओबडधोबड. वरचा भाग मात्र तेल पाजल्यासारखा काळसर आणि गुळगुळीत. एका अंगाने तर तो थोडा झिजलेलाही होता. अप्पांनी तो बराच वेळ हातात फिरवला.

"ताई, एक सांगू का? राग मानू नका," ते म्हणाले. "लेथवर चढवला की आधी वरचा थर निघतो. पेन करायचं तर हा गुळगुळीत भाग सगळा भुशात जाईल. आईंचा हात लागलाय तो नेमका याच थराला. आत आहे ते नुसतं बाभळीचं लाकूड."

बाई एकदम गप्प झाल्या. पंधरा तासांचा विचार, तिकीट, गावाकडची फेरी, सगळे त्या एका वाक्यापाशी येऊन थांबले. आजींनी चहा आणून ठेवला. तो निवला तरी कप तसाच होता.

"मग नकोच का करायला?" त्यांनी शेवटी विचारले.

अप्पांनी खुंट्यावर पट्टी ठेवली. खालचा खडबडीत अर्धा भाग निबेमागच्या नळीपुरता होता. टोपण त्यातून निघणार नव्हते. ते एबोनाइटचे करावे लागणार होते. "खालच्या अर्ध्याची नळी करतो. वरच्या अर्ध्याला हात लावत नाही. तळाशी फक्त सपाट कापतो, म्हणजे टेबलावर उभा राहील. चालेल?"

बाईंनी मान हलवली.

काम सोपे नव्हते. बाभूळ कणखर, बैलगाडीच्या चाकाला आणि औताला तीच वापरत. पण हिच्यात एक जुनी चीर होती, थेट मधोमध येणारी. भोक पाडताना अप्पांनी लेथ तीनदा थांबवला. चिरेत रेझिन भरून, वाळवून पुन्हा सुरुवात केली. लाकूड शाई पिते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून आत एबोनाइटची पातळ नळी बसवली आणि आटे तिच्यावर पाडले.

इकडे सूनबाईंपुढे कार्ड होते. बाईंनी दोन पाने मजकूर लिहून दिला होता. त्यात वात्सल्यसिंधू, त्यागमूर्ती, कष्टांची गंगोत्री असे सगळे होते. प्रत्येक शब्द मनापासून लिहिलेला. पण तो मजकूर कुणाच्याही आईला लागू पडला असता. सूनबाईंनी बडोद्याला फोन लावला आणि साधे प्रश्न विचारले. खुंटा कोणी बसवला? कधी? एकाच अंगाने का झिजलाय?

हळूहळू माहिती निघू लागली. गाव पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळे. ती दळता दळता जुना खुंटा मोडला. तेव्हा वडिलांनी बांधावरच्या वाळलेल्या बाभळीचा नवा करून बसवला. आई दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि पहाटे दळायची. जातं दोघींनी ओढायचं असतं, पण समोर बसायला कोणी नव्हतं. म्हणून खुंटा एका अंगाने झिजला.

"आणि आईंचं नाव काय लिहू?" सूनबाईंनी विचारले.

पलीकडे जरा वेळ शांतता होती. "माहेरचं एक होतं, ते लग्नात बदललं. सासरचं दुसरं. आणि दुष्काळी कामाच्या मस्टरवर कारकुनाने भलतंच लिहिलं होतं. आई म्हणायची, पैसे मिळतायत ना, मग असू दे. खरं सांगू, आम्ही कोणी तिला विचारलंच नाही की तुला कुठलं आवडतं."

महिनाभराने बाई पेन न्यायला आल्या. सूनबाईंनी कार्ड पुढे ठेवले. त्यावर लिहिले होते :

"नळी : जात्याच्या खुंट्याची बाभूळ, व्हॅचेलिया निलोटिका. खुंटा १९७२ च्या दुष्काळात घरच्या माणसाने घडवून बसवलेला. टोपण आणि पुढचा भाग : नवे काळे एबोनाइट. नळीवर एक जुनी चीर आहे. ती रेझिनने भरली आहे. खुंट्याच्या वरच्या अर्ध्याला लेथ लावलेला नाही. तो एका अंगाने झिजला आहे, कारण दळणारी बहुतेक वेळा एकटी असे. दळणारीचे नाव :"

पुढे जागा मोकळी होती.

बाईंनी कार्ड दोनदा वाचले. त्यांच्या दोन पानांतला एकही शब्द त्यात नव्हता. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "अशी आणखी दोन मिळतील का? दोघे भाऊ आहेत. पेन एकच, पण कार्ड तरी तिघांकडे असू दे."

"मिळतील ना," अप्पा म्हणाले. "पण याच पेनाने लिहायची."

सूनबाईंनी दोन कोरी कार्डे काढली, मजकूर उतरवला आणि पेन बाईंच्या हातात दिले. "ताई, नावाची ओळ तुम्हीच भरा."

बाईंनी चष्मा पुसला. तिन्ही कार्डांवर त्यांनी आईची दोन्ही नावे लिहिली. आधी माहेरचे, मग सासरचे. मस्टरवरचे लिहिले नाही. कुणी काही बोलत नव्हते. खोलीत निबेची तेवढी बारीक कुरकुर ऐकू येत होती. अप्पा त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हते. त्यांची नजर निबेवर होती.

तिसरे कार्ड पुरे झाल्यावर त्यांनी ते उजेडाकडे धरले, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आणि वही ओढून पेनाचा क्रमांक टिपला.

"रेघ कुठं तुटली नाही," ते म्हणाले.